सात दिवसांचा विहार

पावसाळ्यात विहार तलाव काठोकाठ भरून वाहू लागला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत त्याचा फोटो हमखास येतो. अशा भरलेल्या विहारमध्ये २७,६९८ दशलक्ष लिटर पाणी असते. मुंबई आज दिवसाला सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी घेते. भागाकार करून पाहा. बाकीचे सगळे स्रोत बंद केले आणि नुसत्या विहारवर शहर चालवायचे ठरवले, तर तो अख्खा तलाव सात दिवसांत संपेल. शेजारचा तुळशी तलाव जेमतेम दोन दिवस पुरेल.

हाच विहार १८६० साली बांधून झाला तेव्हा मुंबईची ती पहिली मोठी पाणीयोजना होती. त्याआधी शहर विहिरी आणि तळ्यांवर जगत होते. त्या तळ्यांतले पाणी गेले, पत्ते मात्र राहिले: धोबी तलाव, सी. पी. टँक, गवालिया टँक. १८५० च्या दशकात पावसाने ओढ दिली तेव्हा होड्यांतून, आणि नुकत्याच सुरू झालेल्या आगगाडीतूनही, पाणी आणायची पाळी आली. मग हेन्री कॉनिबेअर या इंजिनीअरच्या योजनेप्रमाणे मिठी नदी अडवून विहार झाला. सुरुवातीला त्यातून दिवसाला सुमारे ३२ दशलक्ष लिटर पाणी मिळे. १८६४ च्या गणनेत मुंबईत ८,१६,५६२ माणसे मोजली गेली. म्हणजे नळाचे पाणी माणशी ३९ लिटर, दोन बादल्यांच्या आसपास. उरलेली गरज विहिरी भागवत.

१८६४ ची मुंबई म्हणजे नुसते बेट होते आणि २०११ ची मुंबई थेट दहिसर-मुलुंडपर्यंत पसरली आहे, हे ध्यानात ठेवून पुढचे गणित करू. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख ४२ हजार भरली. १८६४ च्या तुलनेत माणसे पंधरापट झाली. पाणी ३२ वरून ३,९०० वर गेले, म्हणजे एकशेवीसपट.

माणसे पंधरापट आणि पाणी एकशेवीसपट, मधले आठपट गेले कुठे? माणसाची गरजच बदलली, हे एक उत्तर. विहिरीवरून पाणी ओढून आणणारे घर थेंब जपून वापरते, घरात नळ आला की हात सैल होतो. फ्लशचे संडास आणि गटारांची योजना आली की तेवढे पाणी नुसती घाण वाहून नेण्यासाठी लागते. शिवाय गिरण्या, रेल्वे, इस्पितळे, हॉटेले आणि फुटक्या जलवाहिन्या. सरकारी पाणीपुरवठा नियमावलीत हा फरक आकड्यांतच मांडला आहे: सार्वजनिक नळकोंडाळ्यावर माणशी रोज ४० लिटर, घरात नळ पण भुयारी गटार नाही अशा गावाला ७०, भुयारी गटार असलेल्या शहराला १३५ आणि महानगराला १५०. गावात गटारयोजना आली की डोकी तेवढीच राहूनही पाण्याची गरज कागदावर जवळजवळ दुप्पट होते.

मुंबईच्या इतिहासात याचा एक नमुना आहे आणि मला तो फार आवडतो. १८६४ ची ८ लाख १६ हजार ही लोकसंख्या कापसाच्या तेजीतली होती. अमेरिकेतले यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस बंद झाला होता आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडत होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, तेजी कोसळली, आणि १८७२ च्या गणनेत शहर ६ लाख ४४ हजारांवर आले. पुढे ते पुन्हा भरू लागले तर १८९६ मध्ये प्लेग आला. १९०१ ची मोजणी भरली ७ लाख ७६ हजार. म्हणजे सदतीस वर्षे उलटून शहराचा आकडा आधीपेक्षा खाली! आणि नेमक्या याच सदतीस वर्षांत पाण्याची कामे कोणती झाली? १८७२ मध्ये विहारची उंची वाढवली. १८७९ मध्ये तुळशी झाला. तो विहारपेक्षा उंचावर असल्यामुळे त्याचे पाणी मलबार हिलपर्यंत चढवता आले. आज लोक हँगिंग गार्डनमध्ये फिरायला जातात, त्या बागेच्या पोटात पाण्याचा साठा आहे. १८९१ मध्ये पवई आणि १८९२ मध्ये तानसा. शंभरेक किलोमीटर दूर, शहापूरच्या जंगलात, पावणेतीन किलोमीटरहून लांब दगडी धरण.

एवढा खटाटोप झाला आणि खानेसुमारीचा आकडा जागचा हलला नव्हता. तेव्हा वाढत्या लोकसंख्येमुळे नवे स्रोत लागतात हे वाक्य खरे असले तरी अपुरे आहे. लोकसंख्येची चाल, राहणीची चाल आणि वस्ती टेकडीवर चढते की सपाटीवर पसरते, असे तीन हिशेब एकाच वेळी मांडावे लागतात.

यातला पहिला हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहू. सिव्हिल इंजिनीअरिंगच्या वर्गात हे गणित सगळेच सोडवतात, खऱ्या शहरावर ते लावून बघायची मजा मात्र वेगळी आहे. समजा आपण २००१ साली महापालिकेच्या जलअभियंता खात्यात बसलो आहोत. हातात बृहन्मुंबईच्या जनगणना आहेत, लाखांत: १९५१ मध्ये २९.९४, १९६१ मध्ये ४१.५२, १९७१ मध्ये ५९.७१, १९८१ मध्ये ८२.४३, १९९१ मध्ये ९९.२६ आणि २००१ मध्ये ११९.७८. साहेबांनी विचारले आहे, २०११ मध्ये किती होतील?

सगळ्यात साधी रीत अंकगणिती. दर दशकात किती लाख वाढले त्याची सरासरी काढायची आणि शेवटच्या आकड्यात मिळवायची. सरासरी येते १७.९७ लाख, उत्तर १३७.७५ लाख. दुसरी भूमितीय, म्हणजे चक्रवाढ व्याजाची रीत. पन्नास वर्षांत शहर बरोबर चौपट झाले आहे, तेव्हा दशकाला सुमारे ३२ टक्के वाढ धरायची. उत्तर १५८ लाख. तिसरी रीत वाढीतली वाढही मोजते, ती १४० लाख सांगते. चौथी म्हणते, वाढीचा दर कमी होत चालला आहे, तेव्हा तो तसाच घटत जाईल असे धरा. तिचे उत्तर १३९ लाखांच्या जरा वर.

पाचवी रीत मला सर्वांत देखणी वाटते. बेल्जियमचा गणिती पिएर व्हेरहुल्स्ट याने १८३८ मध्ये मांडले की कोणतीही लोकसंख्या आधी हळू, मग झपाट्याने वाढते आणि जागा-अन्न-पाण्याची मर्यादा जवळ आली की पुन्हा मंदावते. आलेख काढला तर एस अक्षर थोडे आडवे ताणल्यासारखा दिसतो. या वक्रासाठी सारख्या अंतरावरच्या तीन गणना पुरतात. मी १९६१, १९८१ आणि २००१ घेतल्या. सूत्रातून आधी शहराची कमाल मर्यादा बाहेर पडते. ती आली १५१ लाख ५८ हजार. गंमत बघा, मुंबईची जमीन किती, इमारती किती उंच, लोकल किती भरते, यातले काहीही त्या सूत्राला ठाऊक नाही, तरी तीन आकडे खाऊन ते सांगते की हे शहर दीड कोटींच्या पुढे फारसे जाणार नाही. आणि २०११ साठी उत्तर देते १३२ लाख.

प्रत्यक्षात २०११ मध्ये मोजले गेले १२४.४२ लाख.

पाचही उत्तरे चुकली, आणि पाचही एकाच बाजूला, जास्तीकडे. व्हेरहुल्स्टची रीत साडेसात लाखांनी चुकली, अंकगणिती तेरा लाखांनी, चक्रवाढ ३३ लाख ६३ हजारांनी. आता या शेवटच्या चुकीचे पाण्यात रूपांतर करू. माणशी १३५ लिटर धरले तर ३३.६३ लाख जास्तीच्या, अस्तित्वात नसलेल्या माणसांसाठी रोज ४५४ दशलक्ष लिटर पाणी लागेल.

मोखाड्याजवळचे मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये मुंबईच्या सेवेत आले. १०२ मीटर उंच, रोलरने दाबलेल्या काँक्रीटचे. ते मुंबईला रोज किती पाणी देते? ४५५ दशलक्ष लिटर.

हा निव्वळ योगायोग आहे, आणि ते धरण अनाठायी होते असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. मुंबईत मागणी आणि पुरवठा यांतली तूट आधीपासून होती, आजही आहे. पण एका ओळीचे सूत्र बदलल्याने हिशेबात एक आख्खे धरण कमी-जास्त होऊ शकते, हे या दोन आकड्यांइतके नीट मला दुसरे कशानेच समजले नसते. वहीत गुणोत्तर लिहिताना पेन्सिल जराशी घसरली की शंभर किलोमीटरवर एक खोरे बुडते किंवा कोरडे राहते.

मग पाचही रीती का चुकल्या? २००१ ते २०११ या दशकात बृहन्मुंबई फक्त ३.९ टक्के वाढली. बेटाचा भाग, म्हणजे कुलाबा ते माहीम-शीव, तर ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर उतरला. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी मनोरे आले, माणसे भाडे परवडेल तिकडे गेली. कुठे गेली ते शोधायला लांब जायला नको. त्याच दशकात ठाणे जिल्हा, तेव्हाचा अखंड, ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर पोहोचला, ३६ टक्के वाढ. देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा तो झाला. सूत्रे एका महापालिकेच्या हद्दीपुरते बघत होती आणि माणसे हद्द ओलांडून मुलुंडच्या पलीकडे राहायला गेली होती.

हद्द ओलांडली म्हणून तहान काही लांब गेली नाही. ठाणे, कल्याण, भिवंडी, वसई-विरार ही शहरे भातसा, उल्हास, बारवी, सूर्या अशा जवळच्याच नद्यांकडे हात पसरतात. बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाने कारखान्यांसाठी बांधले, आता त्यावर अवतीभवतीची शहरेही अवलंबून आहेत. नवी मुंबईने खालापूरजवळचे मोरबे धरण स्वतःच्या मालकीचे करून घेतले आणि ती एक महापालिका तरी निवांत झाली. मुंबईच्या जलअभियंत्याच्या कागदावरून जे लाखो लोक गळाले, ते दुसऱ्याच्या कागदावर त्याच खोऱ्यात उगवले. म्हणून अंदाज शहरवार न करता खोऱ्यावार करायला हवा असे माझे मत आहे. प्रत्येक पालिका आपापला अहवाल करते, आपापली धरणे मागते, आणि त्या सगळ्या मागण्यांची बेरीज त्या खोऱ्यात पडणाऱ्या पावसाशी कोण लावतो, हे विचारले की खोलीत शांतता पसरते.

लोकसंख्या आणि पाणी हे दोन्ही धागे एकाच हातात असण्याचा प्रसंग मुंबईत एकदा आला होता. ना. वि. मोडक हे महापालिकेचे इंजिनीअर. १९४८ च्या सुमारास आल्बर्ट मेयर यांच्यासोबत त्यांनी बृहन्मुंबईचा आराखडा केला आणि गर्दी बाहेर नेण्यासाठी उपग्रह शहरे वसवावीत असे त्यात सुचवले. आणि वैतरणेवरचे १९५७ चे धरणही त्यांच्याच कारकिर्दीचे फळ. म्हणून त्याचे नाव मोडकसागर. माणसे कुठे राहावीत आणि पाणी कुठून यावे, हे दोन प्रश्न एकाच टेबलावर होते.

शहराची वाढ रोजची असते, दहा-वीस घरे, शंभर-दोनशे माणसे. स्रोत मात्र एकरकमी येतो. तानसाच्या चार टप्प्यांची वर्षे पाहा: १८९२, १९१५, १९२५, १९४८. मग १९५७ चा मोडकसागर, १९७३ चा अप्पर वैतरणा, १९८१ पासून टप्प्याटप्प्याने भातसा, २०१४ चा मध्य वैतरणा. आलेखात लोकसंख्येची रेघ चढणीसारखी जाते आणि पाण्याची रेघ जिन्यासारखी. पायरी नवी असते तेव्हा पाणी मुबलक, पायरीच्या शेवटी पाणीकपात. शाळेचा गणवेश शिंप्याकडे टाकताना आई सांगायची, वाढत्या अंगाचा शिवा. धरणही वाढत्या अंगाचेच शिवावे लागते. फक्त अंदाज किती वर्षांचा धरायचा ते प्रत्येक भागाला वेगळे. नियमावलीप्रमाणे पंप आणि शुद्धीकरण यंत्रणा पंधरा वर्षांसाठी, जलवाहिन्या तीस वर्षांसाठी, धरण पन्नास वर्षांसाठी. पंप चुकला तर बदलता येतो. ज्या धरणात पुढे फेरफार करणे जवळजवळ अशक्य, त्याच्यासाठीच सर्वांत लांबचा आणि म्हणून सर्वांत कच्चा अंदाज वापरावा लागतो!

प्रत्येक पायरीबरोबर स्रोत दूर गेला आणि मोठा झाला. आज सात तलावांची मिळून क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे. त्यातला एकटा भातसा ७,१७,०३७, म्हणजे जवळजवळ निम्मा. ज्याच्यापासून सगळे सुरू झाले तो विहार दोन टक्क्यांच्या आत. वैतरणा नदीवर तर एकाखाली एक तीन धरणे आहेत, इगतपुरीकडे अप्पर वैतरणा, मग मध्य वैतरणा, मग मोडकसागर. तिथून पाणी उताराने भांडुपच्या शुद्धीकरण केंद्राकडे येते. भातसाचे पाणी नदीत सोडतात, पिसे इथे बंधाऱ्यावर अडवतात आणि पंपांनी उचलून पांजरापूरला शुद्ध करतात. एक पाणी उतारावरून फुकट चालते, दुसऱ्याला विजेचे बिल लागते. मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प आखला आहे, २०० दशलक्ष लिटरचा, पुढे ४०० पर्यंत नेता येईल असा. त्याचे बिल आणखी वरचे.

सातही तलावांचा एकूण साठा ३,९०० ने भागला तर ३७१ दिवस येतात. बाष्पीभवन धरले तर त्याहून कमी. ऑक्टोबरमध्ये भरलेले तलाव पुढच्या जुलैपर्यंत पुरवायचे आणि जूनने दगा दिला तर काटकसर करायची, हा मुंबईचा दर वर्षीचा खेळ. मे महिन्यात वर्तमानपत्रात "धरणसाठा इतके टक्के" ही बातमी येते, तिच्या पोटात हाच भागाकार असतो.

पुढच्या पायऱ्या १९९४ मध्येच सुचवल्या गेल्या होत्या. जलतज्ज्ञ माधव चितळे यांच्या समितीने २०२१ पर्यंतच्या गरजेचा विचार करून मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ अशी तीन धरणे सुचवली. त्यांपैकी एक झाले. गारगाईतून ४४० आणि पिंजाळमधून ८६५ दशलक्ष लिटर अपेक्षित आहे, पण दोन्हींचे पाणी अजून आलेले नाही. गारगाईसाठी तानसा अभयारण्याच्या जंगलातली लाखांनी झाडे आणि काही आदिवासी गावे जाणार. आणि ज्या शहापूर तालुक्यात भातसा, तानसा आणि मोडकसागरचे पाणी आहे, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. लोकसंख्येच्या सूत्रात या पाड्यांसाठी कुठलेही अक्षर नाही.

जिना न चढता पाणी मिळण्याची एक जागा आहे, ती म्हणजे शहराच्या जमिनीखाली. गळती आणि चोरी मिळून मुंबईचे चौथ्या हिश्शाहून अधिक पाणी हिशेबाबाहेर जाते, असे नेहमी सांगितले जाते. चौथा हिस्सा धरला तरी तो ९७५ दशलक्ष लिटर होतो, दोन मध्य वैतरणांपेक्षा जास्त. शंभर वर्षे जुन्या वाहिन्या, त्यांवर उभे शहर, आणि विभागाविभागात ठरल्या वेळी झडप उघडणारे चावीवाले. ही दुरुस्ती धरणापेक्षा कंटाळवाणी आहे, उद्घाटनाला फीत नसते, म्हणून ती मागे पडते, असे मला तरी दिसते.

अंदाजाची आणखी एक अडचण आज उभी आहे. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही. त्यामुळे अलीकडे केलेला प्रत्येक पाणी-आराखडा २०११ च्या मोजणीवर उभा आहे, आणि तीच ती मोजणी जिने पाचही सूत्रांना तोंडघशी पाडले.

तुमचे गाव मुंबई नसेल. सांगली असेल, लातूर असेल, मडगाव असेल. नवी पाणीयोजना मंजूर होते तेव्हा तिच्या प्रकल्प अहवालात सुरुवातीलाच लोकसंख्येच्या अंदाजाचे एक पान असते. कोणत्या जनगणना घेतल्या, कोणती रीत वापरली, शेजारची गावे धरली की सोडली, माणशी किती लिटर आणि गळती किती टक्के, हे सगळे तिथे लिहिलेले असते. जनगणनेचे आकडे कोणालाही मिळतात आणि वर दिलेल्या पहिल्या चार रीती कॅल्क्युलेटरवर अर्ध्या तासात होतात. अहवालातले ते पान माहितीच्या अधिकारात मागा आणि ताडून पाहा.